मपली

गंगाखेडहून पालमकडं जाताना गोदावरीच्या काठी एक गाव लागतं असं समजा. तिथं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. त्या गावात एक मोसंबीवाला राहायचा. चार एकर काळी, एक विहीर, पाचशेच्या आसपास झाडं, आणि विहिरीच्या बाजूला जंभेरीच्या रोपांचे वाफे. हिवाळ्यात त्या रोपांवर डोळे भरून तो मोसंबीची कलमं विकायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता.

त्याच्या बायकोची धाकटी बहीण ऊसतोडीच्या घरात दिलेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घ्यायची, ती तेव्हाच किराण्यात, दवाखान्यात, मागच्या देण्यात जिरते, आणि दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून फेडायला निघायचं. त्या वर्षी धाकटीनं चार महिन्यांची लेक कडेवर घेऊन बिऱ्हाड चढवलं. पौषात, कारखान्याच्या माळावरच्या कोपीत, तिला ताप आला. आठ दिवस तो अंगावर काढला. नवव्या दिवशी ती गेली.

एकट्या राहिलेल्या माणसाला तिकडं अर्धा कोयता म्हणतात. माणूस अर्धा झाला, उचल मात्र पुरीच्या पुरी राहिली.

तेरवी सासरवाडीच्या गावात, मोसंबीवाल्याच्या अंगणात झाली. पाहुणे पांगायच्या आत धाकटीच्या नवऱ्यानं लेकरू उचललं आणि थोरल्या मेहुणीच्या ओटीत घातलं. सासू समोर होती, साडू होता, भावकीतली चार माणसं होती, शेजारपाजार होता. तो म्हणाला, "आक्का, ही आजपासून तुमची. मी फिरून मागणार नाही." आक्कानं पदर पसरला. मोसंबीवाल्यानं गावात पेढे वाटले नाहीत, कारण घर सुतकातून उठत होतं; पण त्या रात्री त्यानं न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत पुष्कळ वेळ लावला.

जावई आणखी आठ दिवस राहिला. त्याला बसवेना. लग्नाआधी दोन वर्षं त्यानं एका रोपवाटिकेत काम केलं होतं, म्हणून साडूच्या वाफ्यात जाऊन त्यानं हातात चाकू घेतला. डोळा भरायचं काम बघत राहावं असं असतं. जंभेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालेलं हवं. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला एक आडवा आणि एक उभा छेद द्यायचा, सालीच्या दोन्ही कडा चाकूच्या मुठीनं हळूच उचलायच्या. मोसंबीच्या निरोगी झाडाच्या काडीवरून डोळा ढालीसारखा काढायचा, आणि ओल वाळायच्या आत त्या फटीत सरकवायचा. मग प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधायचं, डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेवायचं. वीस-पंचवीस दिवसांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा असला तर जमला. मग वरचा जंभेरीचा शेंडा छाटून टाकायचा, म्हणजे सगळा रस त्या एका डोळ्याकडं धावतो.

आठ दिवसांत त्यानं दोन वाफे भरले. आणि जाताना साडूला म्हणाला, "ह्यातलं एक कलम अंगणात लावा." मग राहिलेली उचल फेडायला तो परत माळावर गेला.

पोरगी वाढली. आक्काला माय आणि मोसंबीवाल्याला आबा म्हणू लागली. तिचा खरा बाप दर दिवाळीला यायचा, एक रात्र राहायचा आणि एक फ्रॉक द्यायचा. ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त दुखतो तो हा फ्रॉक. दरवर्षी तो तोकडा व्हायचा. दुकानदार विचारायचा, पोरगी केवढी? तर हा माणूस हातानं उंची दाखवायचा, आणि त्याचा हात मागच्या दिवाळीच्या उंचीवर थांबायचा. आक्का फ्रॉक घडी घालून पेटीत ठेवायची आणि म्हणायची, "काकांनी आणलाय, पाया पड." होय, काकांनी. तेही मुद्दाम ठरवून झालं नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी सहज म्हणालं, मग तेच रूढ झालं, आणि पोरगी बोलायला लागली तेव्हा ते पुसायचा धीर दोघांनाही झाला नाही.

पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. चाकणकडं एका कंपनीत लागला, पत्र्याची का होईना खोली घेतली. दुसरीला चार वर्षं मूल झालं नाही. ती बिचारी वाईट नव्हती, एकदा एवढंच म्हणाली, "तुमची एक लेक हाय ना?" ते वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं. सातव्या वर्षी, दिवाळी उलटून गेल्यावर, भर हिवाळ्यात तो भावकीतल्या दोघांना घेऊन आला. ह्या वेळी हातात फ्रॉक नव्हता. अंगणात उभा राहूनच म्हणाला, "आक्का, मपली लेक मला द्या."

परभणीकडं माझं-तुझंऐवजी मपलं-तुपलंही म्हणतात. त्या दिवशी हा एकच शब्द अंगणात शंभर वेळा फिरला. आक्का म्हणाली, "कुणाची? गोवर निघाला तवा मपली होती. तीन रात्री मांडीवर घेतली तवा मपली होती. आन् आता तुपली?" तो म्हणाला, "रक्त मपलंय. तिची माय मी गमावली. कोपीत माझ्या मांडीवर जीव सोडला तिनं. मला काय हौस होती द्यायची?" दोघंही खरं बोलत होते.

पंचांनी शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींना जातककथेतला महोसध आठवला. दोन बायका एकाच लेकरावर हक्क सांगत आल्या तेव्हा महोसधानं जमिनीवर रेघ ओढली, लेकरू मधे ठेवलं, एकीनं हात धरले, दुसरीनं पाय. लेकरू रडताच जिनं सोडलं ती खरी आई. पंच खूश झाले. पण ती कथा इथं चालत नाही, आणि असल्या भांडणात ती सांगणाऱ्यांना मला नेहमी थांबवावंसं वाटतं. महोसधाच्या कथेत एक जण खोटी होती, यक्षिणी होती. लेकराच्या रडण्यानं तिचं खोटं उघडं पडलं. इथं रेघेच्या दोन्ही बाजूंना खरी माणसं होती, आणि लेकरू रडलं असतं तर दोघांनीही सोडलं असतं. मग ते रेघेवरच एकटं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गंगाखेडला वकिलाकडं गेले. वकील जुना आणि शांत होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दत्तकपत्र कुठंय?" ते नव्हतं. रजिस्ट्रीत कुणी गेलंच नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं.

"मग मपलीच," भावकीतला एक जण म्हणाला.

"थांबा," वकील म्हणाला. "1956 चा कायदा दत्तकासाठी होम मागत नाही, मंत्र मागत नाही. मागतो ते देणं आणि घेणं. आई हयात नसेल तर बाप एकटा देऊ शकतो. पोरगी पंधराच्या आत होती, घेणाऱ्याच्या घरात दुसरी लेक नव्हती, घेणाऱ्याच्या बायकोची संमती होती. चार माणसांसमोर ओटीत घातली, हे कोर्टात शाबीत झालं तर ते दत्तक झालं. आणि झालेलं दत्तक मोडता येत नाही. ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला. पंधरावं कलम."

"आन् शाबीत नाही झालं तर?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज कापत होता.

"कागद रजिस्टर असता तर कोर्टानं दत्तक झालंच असं धरून चालायला सुरुवात केली असती. कागद नाही, म्हणून सगळं तुम्हाला सिद्ध करावं लागेल. नाही झालं तर पोरगी कायद्यानं ह्यांची. पण तरीही ताबा आपोआप ह्यांना मिळत नाही. अल्पवयीन मुलाचं हित सगळ्यात वर. 2019 साली सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दीड-दोन वर्षांची लेक मावश्यांकडून बापाला दिली. तिथं आई कर्करोगानं गेली होती, बायकोच्या आजारपणात लेकरू मावश्यांकडं राहिलं होतं, बापानं ते कुणाला देऊन टाकलं नव्हतं. तरी मावश्यांना भेटायला मज्जाव केला नाही. दुसऱ्या एका प्रकरणात, 2008 साली, बाप मागत असूनही कोर्टानं लेकरू आजी-आजोबांजवळच राहू दिलं. म्हणजे काय, तर कोर्ट बाप कोण एवढंच बघत नाही. लेकरू जाणतं असलं तर त्याला काय वाटतं तेही विचारतं."

मग तो आक्काकडं वळला. "तुम्हीही ऐका. तुम्ही रजिस्ट्रीत गेला असता तर हा दिवस आला नसता. संस्थेतून मूल घेतात तिथं जन्मदात्यांना कायद्यानं 60 दिवस दिलेत, विचार बदलायला. त्या मुदतीत लेकरू परत नेता येतं. 60 दिवसांनंतर दार बंद. तुम्ही घरातल्या घरात दिलंत-घेतलंत, म्हणून ह्यांना कुणी सांगितलंच नाही की दार कधी बंद झालं."

इथं मी थोडा थांबतो, कारण हे मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडं बहिणीचं मूल बहिणीनं, भावाचं भावानं घेतलं की कागद करणं म्हणजे अविश्वास वाटतो. "आपल्यात काय कागद!" असं म्हणतात. तो कागद मोठ्यांसाठी नसतोच. सात वर्षांनी अंगणात उभं राहून आपण कुणाचे हे ऐकावं लागणाऱ्या लेकरासाठी तो असतो.

संध्याकाळी सगळे गावी परतले. कुणी जेवलं नाही. सासू ओट्यावर बसली होती. सत्तरीची म्हातारी, तिची एक लेक गेलेली, एक लेक समोर रडत होती, नात आत झोपलेली आणि जावई खांबाला टेकून उभा. दिवसभर ती एक शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, "जावईबापू, बसा. आन् तू पण बस गं."

"आपल्या गंगाखेडची जनी," म्हातारी म्हणाली. "माय मेली तिची. बापानं तिला पंढरपूरला नेलं आन् दामाशेट्टीच्या घरी ठिवली. लोक नामदेवाची जनी म्हणतात. दळली, कांडली, गाणी केली. तिच्या बापाचं नाव किती जणांना ठावं हाय?"

"दमा," जावई हळूच म्हणाला. गंगाखेडच्या पंचक्रोशीतला होता, त्याला ठाऊक होतं.

"हाव, दमा. पुढं त्याचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. लेक पंढरपूरची झाली. पण देऊळ गंगाखेडात बी हाय का नाही तिचं? जल्म इथला हे कुणी पुसलं का? दमानं दिली म्हणून जनी जगली, दामाशेट्टीनं घेतली म्हणून जनी जगली. ह्यातला एक पुसला तर जनी उरंल का?"

मग ती आक्काकडं वळली. "तू त्याला काका केलंस. सात वरसं. ते पाप तुपलं. बाप असून त्याच्याच लेकीनं त्याला काका म्हणून पाया पडावं, मंग तो आज हक्क मागाया नाही येणार तर काय करंल?"

आक्का काही बोलली नाही.

"आन् बापू, तुमी. तुमी म्हणता मपली लेक द्या. ठेव मागावी तशी मागता. ठेव जशी ठिवली तशी परत मिळती. तुमी चार महिन्यांचं लेकरू ठिवलं होतं. ते आता कुठं हाय? आमच्यापाशी नाही. ते मोठं झालं. आत निजलेली पोरगी तुमी कवाच ठिवली नव्हती; म्हणून तर तुमचे फराक तिला होत न्हाईत."

तो खांबाला टेकला होता तिथंच खाली बसला.

पहाटे तो अंगणात गेला. कोपऱ्यातलं मोसंबीचं झाड आंब्या बहारासाठी पाणी तोडून ताणावर सोडलेलं होतं. निम्मी पानं गळून गेली होती. पोरगी आधीच उठून तिथं बसली होती. तिनं आदल्या रात्री भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. लेकरं झोपतात असं मोठ्यांना वाटतं, पण असल्या रात्री घरात कुणीच झोपत नाही.

ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "हे झाड तुम्ही लावलंय?"

"डोळा भरला मी. लावलं आबानं."

तिनं खोडाच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. जमिनीपासून वीतभर वर एक सांधा होता, तिथं खोड जरा फुगलेलं, खाली साल खडबडीत, वर गुळगुळीत. "इथपातुर जंभेरी. इथून मोसंबी. आबांनी दाखवलंय मला." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तो डोळा तुम्हाला परत काढता येतो?"

त्यानं उत्तर द्यायला फार वेळ घेतला. त्याच्या हातानं हजारो डोळे भरले होते, आणि प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं. "पट्टी सोडायच्या आधी येतो," तो म्हणाला. "चाकूच्या टोकानं निघतो. आता करवत लागंल."

"मग झाडाचं काय होईल?"

"खाली नुसती जंभेरी उरंल. आंबट. आन् वरचं वाळून जाईल."

"आन् ज्या झाडाचा डोळा काढला होता, ते?"

हा प्रश्न त्यानं आजवर स्वतःला विचारला नव्हता. "ते हाय," तो म्हणाला. "त्याला जखम होती. साल धरली हळूहळू."

आतून आक्का आली. तिच्या हातात चहाचे दोन कप होते. एक तिनं त्याला दिला, आणि पोरीच्या शेजारी मातीतच बसून म्हणाली, "बाळ, हे तुझे काका नाहीत. तुझे वडील हायत. तुझ्या आईचं मी तुला सांगितलंय ना, फोटोतली? हे तिचे मालक. तू तान्ही असताना ह्यांनी तुला माझ्या ओटीत घातलं. मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. मला भ्या वाटत होतं."

पोरगी म्हणाली, "मला ठावं हाय." कुणाकडून, कधी, ते तिनं सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "मी इथंच ऱ्हाणार." आणि लगेच, त्याच दमात, "पण त्यांनी यायचं बंद करायचं नाही."

अंगणात तिघंही होते आणि झाडामागं दातण चावत मोसंबीवाला उभा होता. त्यानंही ऐकलं. सात वर्षांत तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. तिनं न विचारताच उत्तर दिलं.

आठवड्यानं सगळे परत गंगाखेडला गेले, ह्या वेळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. वकिलानं दत्तकपत्र लिहिलं होतं: अमुक वर्षी, अमुक लोकांसमोर, लेकरू दिलं आणि घेतलं, त्याची ही नोंद. देणाऱ्याच्या जागी बापानं सही केली. पेन हातात घेऊन तो जरा थबकला तेव्हा मोसंबीवाला म्हणाला, "साडू, घाई नाही. बाहेर जाऊन पाणी पिऊन या." तो गेला नाही. सही केली. घेणाऱ्याच्या जागी साडूनं सही केली, आक्काची संमतीची सही घेतली, म्हातारीनं साक्षीदार म्हणून अंगठा दिला. येण्या-जाण्याचं कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. ते अंगणात तोंडी ठरलं. दिवाळीला त्यानं यायचं आणि एक रात्र नाही, चार दिवस राहायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीनं आबांबरोबर चाकणला जायचं, दुसऱ्या आईच्या हातची भाकर खायची. आणि घरात काका हा शब्द त्याच्यासाठी पुन्हा निघायचा नाही.

परत जायच्या सकाळी तो पिशवी भरत होता. पोरगी वही घेऊन आली. तिनं मधलं जोडपान काढलं, फरशीवर पसरलं आणि त्यावर उजवा पाय ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. टाच, कडेची वाकडी बाजू, एकेक बोट. मग कागद उचलून बघितला, परत खाली ठेवला, आणि अंगठ्याच्या पुढं पेरभर जागा सोडून आणखी एक रेघ मारली.

"दिवाळीला चपला आणा," ती म्हणाली. "ह्या रेघेच्या मापाच्या. तवर मी वाढलेली असन."

त्यानं कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. एसटी वळणावर हॉर्न देत होती.